राजवाडा, देवालय आणि चर्च

नाताळची सुट्टी आता केवळ ख्रिस्ती कुटुंबांपुरती उरलेली नाही. शाळा बंद, कार्यालयांत वर्षअखेरची शांतता आणि चित्रपटगृहांत नवे चित्रपट, यांमुळे डिसेंबरचा शेवटचा आठवडा हा मध्यमवर्गीय भारताचा कौटुंबिक उत्सवच झाला आहे. दुसरीकडे, याच आठवड्यात प्रार्थनासभांना वा सजावटीला आक्षेप घेतल्याच्या बातम्याही अलीकडे येऊ लागल्या आहेत. दुसऱ्याच्या श्रद्धेशी राज्यसंस्थेने कसे वागावे, हा प्रश्न त्यामुळे जिवंत आहे. त्याचा विचार करण्यास तंजावूरच्या राजवाड्याइतके योग्य स्थळ मराठी माणसाला क्वचितच सापडेल.

नायकांनी उभारलेल्या आणि भोसल्यांनी वाढविलेल्या या वास्तूत व्यंकोजीराजांच्या वंशाची गादी १८५५ पर्यंत होती. १७८७ मध्ये तुळजाराजांनी मृत्यूपूर्वी आपला दत्तक पुत्र सरफोजी याला ख्रिस्तियन फ्रीडरिख श्वार्ट्झ या जर्मन लूथरन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली सोपविले. पुढे अमरसिंहाच्या कारकिर्दीत या मुलाचा हक्क डावलला गेला, तेव्हा श्वार्ट्झने त्याची बाजू लावून धरली. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ निवर्तला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी जॉन फ्लॅक्समन या नामवंत इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. मृत्युशय्येवरील धर्मोपदेशक आणि त्याच्या भेटीस आलेला हिंदू राजपुत्र, असे त्याचे दृश्य आहे. राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर, शिवगंगा उद्यानालगतच्या १७७९ च्या चर्चमध्ये ते आजही पाहावयास मिळते.

या ऋणानुबंधाने राजाचा धर्म बदलला नाही. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. १८२० नंतर ते काशीयात्रेस गेले. त्यांच्याच देवनागरी छापखान्यातून १८०६ मध्ये इसापच्या कथा मराठीत बाहेर पडल्या. श्वार्ट्झचाच शिष्य असलेला ख्रिस्ती तमिळ कवी वेदनायगम शास्त्री याला दरबारात आश्रय होता. ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात वाटसरूला जातिधर्म न पाहता अन्न मिळे. श्रद्धा पक्की असली की दुसऱ्याच्या श्रद्धेची भीती वाटत नाही, याचे हे प्रत्यंतर होय.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. श्वार्ट्झच्या शब्दाला वजन होते ते काही अंशी कंपनी सरकारमुळे. १७९९ च्या तहाने सरफोजींच्या हाती किल्ला व मानमरातब एवढेच उरले. त्यांचे औदार्य हे राज्यकारभार गमावलेल्या राजाचे औदार्य होते, असे कोणी म्हटल्यास ते सर्वस्वी खोटे नव्हे. परंतु अपमानित माणूस बहुधा संकुचित होतो. सरफोजी झाले नाहीत, हे विसरता येत नाही.

सुट्टीत नातवंडांना इतिहास भेटतो तो पडद्यावर. तीन तासांच्या चित्रपटाला एक वीर व एक शत्रू लागतो, गुरुऋणाच्या गुंतागुंतीला तेथे जागा नसते. दोन भागांच्या ‘पोन्नियिन सेल्वन’मुळे चोळांचे तंजावूर देशभर पोहोचले. मराठ्यांचे तंजावूर मात्र अद्याप पडद्याबाहेरच आहे. तरीही चित्रपटांचे जग चित्रपटांतील इतिहासापेक्षा उदार असते. तंजावूर परिसराशी नाते असलेल्या गणेशन या नटाने अण्णादुराईंच्या नाटकात शिवछत्रपतींची भूमिका केली आणि पेरियारांनी दिलेले ‘शिवाजी’ हे नाव जन्मभर मिरविले. त्याच शिवाजी गणेशन यांनी १९७३ मध्ये राजराज चोळ साकारला. मराठा राजाचे नाव धारण करणारा तमिळ नट चोळ सम्राट होतो आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नाही.

प्रशासनात आयुष्य घालविलेल्या माणसास यातून दोन गोष्टी सुचतात. पहिली अशी की, संविधानाच्या अनुच्छेद २५ ची कसोटी दिल्लीत नव्हे, तर तालुक्याच्या ठाण्यात लागते. प्रार्थनेत व्यत्यय आला असता अधिकाऱ्याने प्रार्थना थांबवावी की व्यत्यय, याचे उत्तर संदिग्ध असता कामा नये. ‘सुव्यवस्था’ या शब्दाचा आधार घेऊन जो शांतपणे बसला आहे त्यालाच उठविणे, हा कारभार नव्हे, ती सोय आहे.

दुसरी गोष्ट सरस्वती महाल ग्रंथालयाची. तेथे तमिळ, तेलुगू व संस्कृतसोबत हजारो मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद आहेत. ते वाचू शकणारे मात्र विरळ होत चालले आहेत. तमिळला २००४ मध्ये आणि मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. या दोन्ही भाषांचे धन एकाच छताखाली असताना महाराष्ट्र व तमिळनाडू यांनी मोडीवाचकांसाठी संयुक्त शिष्यवृत्ती का ठेवू नये? खर्च एखाद्या पुतळ्याहून कमी येईल. मुलांना पडद्याबाहेरचा इतिहास हवा असेल, तर तो आधी कोणाला तरी वाचता आला पाहिजे.