घर राखणाऱ्यांच्या पायांतले बळ



दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली गावे ओस पडतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, कुठेही जा. उचल घेतलेल्या जोड्या ट्रॅक्टरवर संसार बांधून सांगली, कोल्हापूर, नाही तर थेट कर्नाटकातला फड गाठतात. मागे राहतात शाळेची पोरे आणि घर राखायला म्हातारी माणसे. मार्च-एप्रिलमध्ये कोयता परत येतो, तेव्हा चालता-फिरता सोडलेला बाप बाजेला खिळलेला दिसतो. "वय झालं," एवढे बोलून घर गप्प बसते.

वय झाले हे अर्धेच खरे. चाळिशीनंतर प्रत्येकाचे स्नायू झिजू लागतात, साठीनंतर झीज वाढते. डॉक्टर त्याला सार्कोपेनिया म्हणतात. पण एका हंगामात माणूस जागेवर बसतो तो नुसत्या वयाने नव्हे, पडून राहण्याने आणि अपुऱ्या ताटाने. २००७ साली अमेरिकेत साठी ओलांडलेल्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून पाहिले. तेवढ्यात त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो मांस गेले. आपल्याकडे साधा ताप आला तरी "आबा, उठू नका, पडून राहा" असे आपणच सांगतो, आणि तेही मायेने.

आता ताटाचा हिशेब करू. ५० किलो वजनाच्या म्हाताऱ्या माणसाला दिवसाला निदान ५० ग्रॅम प्रथिने हवीत. बाजरीच्या तीन भाकरींतून वीस-बावीस ग्रॅम मिळतात, ठेच्यातून जवळपास काहीच नाही. एकट्यासाठी दोनदा चूल कोण पेटवणार? म्हणून रात्री सकाळचीच भाकरी. रेशनच्या हक्कात माणशी ५ किलो धान्य आहे, डाळ नाही. तूर पिकवणारे आपण, पोती भरून ती मोंढ्यावर घालतो आणि घरात वरण सणापुरते शिजते! श्रावणबाळ योजनेचे पैसे २०२३ मध्ये १५०० रुपये झाले. ते गोळ्या-औषधात आणि नातवंडांच्या वह्यांत जातात. दोन्ही वेळा वाटीभर घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, मटकी, हुलग्याचे माडगे, चालत असेल त्याला अंडे, एवढे घरातून निघण्याआधी बांधून ठेवता येते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरला विचारूनच.

बायांचे दुखणे आणखी खोल आहे. २०१९ साली शासनाच्या समितीपुढे ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी आली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. सोबत अंडाशयही काढले असेल, तर हाडे आणि स्नायू वेळेआधीच खंगतात. या बाया साठीला पोचतील तेव्हा काय, हे कुणी विचारलेले नाही.

गेलेले बळ परत येते, ही खरी बातमी आहे. १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतले. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. आपल्याला यंत्र नको. भिंतीला टेकवलेली खुर्ची पुरे. हात न टेकता पाच वेळा उठून बसायला सांगा. १२ सेकंदांहून जास्त लागले तर पायांची ताकद ओसरते आहे, असे आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवले. मग त्याच खुर्चीवर एक दिवसाआड दहा-दहा उठबशा, चौकट धरून टाचा उचलणे, जमेल तसे वाढवत. शेजारी कुणीतरी उभे असावे. एक हात-पाय अचानक लुळा पडला किंवा छातीत कळ आली, तर हे म्हातारपण समजू नका, तडक दवाखाना गाठा.

एक मागणी या बैठकीत मांडायची आहे. मागे राहिलेल्या पोरांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहे चालतात, २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजनाही आहे. त्या पोरांना सांभाळणाऱ्या आजी-आजोबांचे नाव कोणत्याच कागदावर नाही. पोरांसाठी शिजणाऱ्या हंड्यातले वाटीभर वरण त्यांच्याही ताटात पडावे, आणि आशाताईंनी महिन्यातून एकदा खुर्चीची ही परीक्षा घ्यावी. प्रत्येक गावच्या प्रतिनिधीने घरी एकटी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी, कोयता निघण्याआधी, पुढच्या बैठकीला सोबत आणावी.