पाणी कुणाचं, ते आधी विचारा

उन्हाळा सरत आला की लोहाऱ्यातल्या गळवाल्यांचे बेत रंगात येतात. यंदा मित्रमंडळींनी चांदोलीचं नाव काढलं. सोलापूर, मिरज करत शिराळा गाठायचं, वारणेच्या वसंतसागरावर तंबू ठोकायचा आणि गळ टाकून बसायचं. ताडोब्यासारखी गर्दी नाही, जंगल दाट. बेत झकास, अडचण एवढीच की तो गुन्हा आहे.

चांदोली २००४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं उद्यानातला जीव हौसेखातर मारता येत नाही की बाहेर नेता येत नाही, आणि कायद्याच्या लेखी मासाही प्राणीच.

‘मग अमेरिकेत कसं चालतं?’ मोबाइलवर व्हिडिओ पाहणारा एक जण विचारतोच. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात परवाना काढून गळ टाकता येतो, हे खरं. पण तिथला मूळचा कटथ्रोट ट्राउट परत पाण्यात सोडावा लागतो. उलट, बाहेरून येऊन यलोस्टोन तलावात माजलेला लेक ट्राउट गळाला लागला, तर तो जिवंत सोडायचा नाही. हौसेला तिथंही पाण्याच्या हिशोबानंच वागावं लागतं.

हा हिशोब आपल्या लोकांना नवा नाही. महाडजवळ वाळण कोंडीतले खडस, म्हणजे महसीर, गावानं देवीच्या नावानं राखले. तिथं कुणी गळ टाकत नाही.

राहता राहिलं आपलं माकणीचं निम्न तेरणा धरण. ते काही उद्यान नाही, पण बेवारसही नाही. अशा जलाशयांतल्या मासेमारीचा ठेका साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. ठेक्याचे पैसे भरायचे, रोहू, कटला, मृगळाची बोटुकली विकत आणून सोडायची, मग ती वाढेपर्यंत थांबायचं. काठावर बसून आपण ‘सहज’ काढलेला कटला हे कुणाचं तरी उभं पीक असतं.

तेव्हा चांदोलीला जरूर जावं, वनखात्याच्या परवानगीनं आणि गळाऐवजी दुर्बीण घेऊन. गळाची हौस माकणीला भागवावी, ठेकेदार संस्थेला विचारून. मृगाचा पाऊस लागला की मात्र तीही आवरती घ्यावी. तेव्हा मादी अंड्यांनी भरलेली असते. ती एक ओढली की पुढच्या सालचे हजारो मासे गेले.