गडाच्या दारातील फलक

मी मुख्याध्यापक असताना एका वर्षी आमच्या शाळेची सहल रायगडावर गेली होती. निघण्यापूर्वी मी मुलांना बजावले, "दरवर्षी पुष्कळ मुले गडाच्या भिंतींवर आपली नावे कोरतात. तुम्ही तसे करू नका." सायंकाळी गड उतरताना एका चिऱ्यावर आमच्याच दोन मुलांची ताजी नावे दिसली. मी संतापलो. परंतु चूक माझ्या उपदेशातही होती, हे मला पुढे फार उशिरा उमगले.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एक राष्ट्रीय उद्यान आहे. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे वृक्ष तेथे पाषाण होऊन पडले आहेत. प्रवासी त्यांचे तुकडे खिशात घालून नेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी व त्यांचे सहकारी यांनी तेथे खुणेचे तुकडे ठेवून निरनिराळे फलक लावून पाहिले. "पूर्वी पुष्कळांनी तुकडे नेले, म्हणून वनाचे रूप पालटले," अशा आशयाचा फलक असताना सुमारे ८ टक्के तुकडे नाहीसे झाले. "कृपया तुकडे नेऊ नका," अशा आशयाचा फलक असताना २ टक्क्यांहूनही कमी! हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला.

असे का व्हावे? चारचौघे करतात तेच करण्याकडे मनुष्याचा ओढा असतो. "पुष्कळ जण करतात," हे शब्द कानी पडले की त्यापुढील निषेध विरून जातो आणि अनुकरण तेवढे उरते.

२०२५ साली रायगडासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. आता तेथे अधिक लोक येतील. वारशाची नासधूस करणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा आहे, आणि तो असावाच; परंतु प्रत्येक चिऱ्यापाशी पहारेकरी कोठून उभा करावा? म्हणून माझे मत असे, की गडाच्या दारात दोषांचा पाढा वाचू नये. "येथे येणारे बहुतेक लोक या दगडांना जपतात, आपणही जपा," एवढेच लिहावे. ही खोटी स्तुती नव्हे. नावे कोरणारे थोडेच असतात. त्यांच्या खुणा मात्र डोळ्यांत भरतात. जपणाऱ्यांची खूण मागे राहत नाही, म्हणून ते आपणांस दिसत नाहीत.

मित्रांनो, तुम्ही गडावर जाल तेव्हा या न दिसणाऱ्यांच्या मेळ्यात सामील व्हा.