रीलवाल्यांचा गिंबल, आयपीएलचा उडता कॅमेरा आणि गॅरेट ब्राऊन

हातात गिंबल धरून पळत रील काढणारे आता गल्लोगल्ली दिसतात. पण पळतानाही चित्र हलू नये, हे कोडं सोडवलं गॅरेट ब्राऊन या अमेरिकन कॅमेरामनने.

आधी काय व्हायचं? एकतर रूळ टाकून ट्रॉली ढकला, नाहीतर हातातल्या कॅमेऱ्याचे धक्के सोसा. ब्राऊनने अंगावरच्या जाकिटाला स्प्रिंगचा हात जोडला आणि त्यावर कॅमेरा तोलला. हाच स्टेडिकॅम. त्याच्या नमुना फिल्ममध्ये ब्राऊनची मैत्रीण फिलाडेल्फियाच्या म्युझियमच्या पायऱ्या धावत चढते. दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसनने ते पाहिलं आणि 'रॉकी'चा (१९७६) नायकही त्याच पायऱ्या चढला! १९७८ मध्ये या यंत्राला ऑस्कर मिळालं.

यंत्र बनवायचा परवाना ब्राऊनने एका कंपनीला दिला. पण विकत घेतलं म्हणून ते चालवता येतंच असं नाही. वजन अंगावर घेऊन चालायचं कसं, वळायचं कसं, थांबायचं कुठे, हे शिकवायला त्याने वर्षानुवर्षं कार्यशाळा घेतल्या. आमच्या मते स्टेडिकॅम टिकला तो या शिकवणीमुळे. नाहीतर भारी यंत्रं अडगळीतही पडतात.

गंमत म्हणजे 'द शायनिंग'मधले तीनचाकी सायकलचे शॉट घेताना हा चालण्याचा उस्ताद व्हीलचेअरवर बसला होता.

आणि आयपीएलमध्ये तारांवरून फिरणारा कॅमेरा? त्याच जातीचा ब्राऊनचा स्कायकॅम १९८४ मध्येच अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर उतरला होता.