‘ॲडव्हान्स’ कोणाचा?

इंग्रजीतील ‘ॲडव्हान्स’ हा शब्द मोठा उद्योगी आहे. सैन्याने चाल केली की ‘ॲडव्हान्स’, विज्ञानाने मजल मारली की ‘ॲडव्हान्स’, आणि बँकेने कारखानदाराला दिलेले कर्जही तिच्या ताळेबंदात ‘ॲडव्हान्स’च. पालघर जिल्ह्यात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. त्यात माणूस पुढे जात नाही. त्याचे पुढचे सहा-सात महिने तेवढे दुसऱ्याच्या ताब्यात जातात.

प्रगतीचा अर्थ बोईसरला उतरणाऱ्याला शोधावा लागत नाही. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. पण त्याच जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांतून भातकापणी आटोपताच कातकरी आणि वारली कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांची वाट धरतात. निघण्यापूर्वीच थोडीफार रोकड हाती पडलेली असते. कोणी तिला बयाणा म्हणतो, कोणी उचल, कोणी सरळ ‘ॲडव्हान्स’. पावसाळ्यात चूल थंडावलेली, घरात आजारपण, तोंडावर आलेला सण किंवा लग्न. अशा वेळी घेतलेले हे पैसे. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते. हजार विटांमागे दर काय धरला, खर्ची किती वजा केली, हे मालकाच्या वहीला ठाऊक. राबतात नवरा, बायको आणि पुष्कळदा पोरेही; वहीत नाव मात्र एकट्या नवऱ्याचे. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि न फिटलेली बाकी पुढल्या हंगामाच्या माथी चढते.

हे नवे नाही. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे घेऊन त्याच्या दारी वर्षानुवर्षे राबणारा ‘लग्नगडी’ या मुलखाने पाहिला आहे. त्याच वेठीविरुद्ध १९४५ साली शामराव आणि गोदूताई परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले. लग्नगडी हा शब्द मागे पडला. इंग्रजी शब्दाला तेवढी दुर्गंधी येत नाही, हा त्याचा फायदा!

बँकेचा ‘ॲडव्हान्स’ घेणारा कारखानदार तारण ठेवतो ते यंत्र, जमीन, कच्चा माल. कंपनी बुडाली तरी संचालकाला कर्ज फिटेपर्यंत यंत्रापाशी उभे राहून घाम गाळावा लागत नाही. कातकऱ्यापाशी तारण ठेवायला देहाखेरीज आहे काय? शब्द एक, पण एकाचे भांडवल होते आणि दुसऱ्याची बेडी.

कायद्याने हा भेद ओळखलेला आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यातली पहिलीच व्याख्या या शब्दाची आहे. रोख असो वा जिन्नस, आगाऊ दिलेल्या रकमेपोटी फुकट किंवा नाममात्र मजुरीवर राबवून घेणे, दुसरीकडे काम शोधण्यास वा मोकळेपणी फिरण्यास मज्जाव करणे, ही वेठच. असे कर्ज फेडण्याची जबाबदारी कायद्यानेच संपुष्टात आणली. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय १९८३ साली आणखी पुढे गेले: मजुराकडून सक्तीने काम घेतले जाते एवढे दिसले, की ते आगाऊ पैशापोटीच आहे असे न्यायालय गृहीत धरील, तसे नसल्यास ते मालकाने किंवा सरकारने दाखवावे.

तरीही भट्टीवर तक्रार झाली की मालकाचा बचाव ठरलेला: ‘साहेब, यांनी ॲडव्हान्स घेतलाय, आता पळून जायला बघतात.’ हा बचाव नव्हे, निम्मा कबुलीजबाब आहे. त्यावर अधिकाऱ्याने मजुराला ‘पैसे घेतलेस ना?’ असे दरडावणे म्हणजे कायदा उलटा वाचणे. ते कर्ज वेठीचे नव्हे, हे शाबीत करण्याचा भार याच कायद्याच्या १५ व्या कलमाने पैसे देणाऱ्यावर टाकला आहे. तेव्हा वही मागायची ती मालकाकडे, आणि तीही मजुराला भट्टीबाहेर मोकळ्या जागी आणून, मुकादमाच्या नजरेआड त्याचे म्हणणे लिहून घेतल्यानंतर.