विश्लेषण : हवामान तापतेय, तरी शाब्लीच्या द्राक्षबागा का गोठतात?

एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समधील द्राक्षबागांवर थंडीची कुऱ्हाड कोसळली. बर्गंडीच्या उत्तर टोकावरील शाब्लीत शार्डोने वाणाचे कोवळे फुटवे करपले. केवळ याच वाणापासून येथील प्रसिद्ध व्हाइट वाइन बनते.

थंडी हवी की नको?

हवी, पण वेळेवर. थंड हवेत द्राक्षे सावकाश पिकतात, साखर बेताची भरते आणि आंबटपणा टिकतो. शाब्लीची तरतरीत चव त्यातूनच येते. (चुनखडीच्या मातीतील शिंपल्यांच्या जीवाश्मांना श्रेय देण्याची प्रथा आहे, मुळे ती चव शोषतात, याला मात्र आधार नाही.)

मग नुकसान कशामुळे?

सुप्तावस्थेतील वेल हिवाळ्याचा कडाका सोसतो, कोवळा फुटवा नाही. मार्चअखेरच्या उष्म्याने २०२१ मध्ये वेली लवकर फुटल्या आणि लगेच पारा शून्याखाली गेला. फुटव्यांच्या काळातील अशा थंडीची शक्यता हवामान बदलामुळे सुमारे ६० टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष ‘वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन’च्या संशोधकांनी काढला.

उपाय काय?

निफाडमध्ये शेकोट्या पेटतात, तशा तिथे ओळींमधून मोठ्या मेणबत्त्या. काही ठिकाणी रात्रभर तुषार सिंचन करतात. पाणी गोठताना उष्णता सोडते, त्यामुळे बर्फाच्या कवचातील फुटवा शून्य अंशाच्या आसपास राहतो. मध्येच पाणी थांबले तर मात्र फुटवा हातचा जातो. उशिरा छाटणी केल्यास फुटवे लांबतात, पण तापत्या उन्हाळ्यात घटणाऱ्या आंबटपणावर ते उत्तर नव्हे. बागा आणखी उत्तरेला नेण्याचा मार्गही बंदच. शाब्ली हे नाव फक्त याच पट्ट्यातील वाइनला लावता येते.