सहा पौंडांचे भांडवल

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नव्या वहीवर 'श्री' काढतो आणि मग जमाखर्चाला सुरुवात करतो. जमेला काय धरायचे हे त्याला पाठ असते. रोकड, माल आणि येणे हे धरले की बाजू पुरी झाली. लग्न होऊन घरी बसलेल्या बाईचे शिक्षण मात्र जमेला धरावे असे व्यापाऱ्याला वाटत नाही, आणि खरे सांगायचे तर घरच्यांनाही वाटत नाही. नेमकी हीच रक्कम जमेला धरून विलायतेत एका बाईने १९६२ साली कंपनी काढली. तिचे नाव स्टेफनी शर्ली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्या निवर्तल्या. त्यांच्या कंपनीच्या पहिल्या वर्षांची हकीकत आपल्या घराघरांतून वाचली जावी, असे वाटते.

शर्लीबाई जन्माने जर्मन. वडील ज्यू आणि पेशाने न्यायाधीश. हिटलरशाहीत त्यांचे पद गेले, आणि १९३९ साली ५ वर्षांच्या या मुलीला ९ वर्षांच्या बहिणीसोबत निर्वासित मुलांच्या आगगाडीत बसवून इंग्लंडला धाडण्यात आले. तिथे एका परक्या दांपत्याने तिला वाढवले. मोठी झाल्यावर तिने टपालखात्याच्या संशोधन केंद्रात नोकरी धरली, रात्रीच्या वर्गांना जाऊन गणिताची पदवी मिळवली, आणि पुढे संगणक तयार करणाऱ्या एका कंपनीत ती गेली. हुशारीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. परंतु बढतीच्या जिन्याची एक पायरी अशी होती की तिच्यावर बाईमाणसाने पाऊल ठेवू नये, असा अलिखित दंडक होता.

तेव्हा बाईंनी जिनाच बदलला. ६ पौंड भांडवल घालून, घरातल्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी 'फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स' नावाची कंपनी काढली. धंदा काय, तर संगणकाचे प्रोग्रॅम लिहून विकणे. लोक हसले, आणि त्यांच्या हसण्याला कारणही होते. त्या काळी संगणक घेतला की प्रोग्रॅम त्याच्याबरोबर फुकट मिळे. मिक्सरच्या खोक्यात पाककृतींची पुस्तिका मिळते, तसेच. ती पुस्तिका वेगळे पैसे मोजून कोण घेणार, आणि तीही एका बाईकडून? प्रोग्रॅमची किंमत वेगळी लावण्याचे 'आयबीएम'सारख्या बलाढ्य कंपनीने ठरवले ते १९६९ साली. म्हणजे शर्लीबाई ७ वर्षे पुढे होत्या.

पण त्यांची खरी दृष्टी माल ओळखण्यापेक्षा माणसे ओळखण्यात दिसली. इंग्लंडातही तेव्हा लग्न झाले, किंवा पहिले मूल झाले, की बाईने नोकरी सोडायची रीत होती. गणितात तरबेज असलेल्या, प्रोग्रॅम लिहिण्याचे शिक्षण घेतलेल्या किती तरी बायका दुपट्यांच्या घड्या घालीत घरी बसल्या होत्या. शर्लीबाईंनी त्यांनाच बोलावले. घरी टेलिफोन असला म्हणजे झाले! पहिल्या ३०० जणांत २९७ बायका होत्या.

घरी बसून संगणकाचे काम कसे होई, असे आजच्या वाचकाला वाटेल. त्यांच्या घरी संगणक नव्हताच. होते ते पेन्सिल आणि कागद. कामाचा एकेक टप्पा आकृती काढून मांडायचा, मग यंत्राला कळेल अशा भाषेत तो ओळीओळीने लिहायचा, आणि कागद टपालात टाकायचे. पलीकडे ते कागदी फितीवर किंवा कार्डांवर भोके पाडून उतरवत, आणि चूक राहू नये म्हणून तेच काम पुन्हा एकदा करून ताडून पाहत. एवढे सोपस्कार झाल्यावर संगणकाची गाठ पडायची.

अडचण कौशल्याची नव्हती, गिऱ्हाइकांच्या समजुतीची होती. 'स्टेफनी शर्ली' अशा सहीची पत्रे जात आणि उत्तर येत नसे. पतीने सुचवले, 'स्टीव्ह' अशी सही करून पाहा. पत्रांना उत्तरे येऊ लागली, भेटी ठरू लागल्या. भेटायला आलेला 'स्टीव्ह' बाई आहे हे कळेपर्यंत बाई खोलीत शिरून हस्तांदोलन करून मोकळ्या! मालतीबाई बेडेकरांना 'विभावरी शिरूरकर' व्हावे लागले, पण वाचकांपुढे त्या निदान स्त्रीच्या नावाने उभ्या राहिल्या. शर्लीबाईंना तेवढीही सवलत नव्हती. टेलिफोनवर मुलाचे रडणे ऐकू जाऊ नये म्हणून त्या टंकलेखनाच्या खडखडाटाची ध्वनिफीत मागे लावून ठेवीत. पलीकडच्याला वाटे, केवढी मोठी कचेरी आहे!

हसू येते, परंतु या युक्त्यांनी काम मिळते, टिकत नाही. टिकले ते दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे त्यांनी कामाची किंमत तासांवर न लावता कामावर ठरवली. अमुक प्रोग्रॅम, अमुक दिवशी, इतक्या पौंडांना. मग तो बाईने सकाळी दहाला लिहिला की मुले निजल्यावर रात्री दहाला, हे विचारण्याचे गिऱ्हाइकाला कारणच उरले नाही. दुसरी गोष्ट शिस्त. प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामावर देखरेख कशी ठेवावी, याचे नियम बांधून देण्याचे काम त्यांना आरंभीच मिळाले. ते नियम त्यांनी स्वतःच्या कंपनीलाही लावले, आणि कालांतराने 'नाटो'नेही ते स्वीकारले. वेळेच्या बाबतीत सैल आणि कामाच्या बाबतीत कडक, असा हा कारभार होता. ध्वनीहून वेगाने उडणाऱ्या काँकॉर्ड विमानाच्या उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या 'ब्लॅक बॉक्स'चे प्रोग्रॅमिंग घरी बसून काम करणाऱ्या या बायकांनी केले. ज्यांच्यावर बँक किंवा दुकान विश्वास ठेवायला कचरत होते, त्यांच्या आकडेमोडीवर विमान विसंबले.

मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकू नये. घरून काम म्हणजे काम असेल तेव्हा पैसे. १९७० च्या सुमारास मंदी आली, तेव्हा ही झळ घरोघर पोचली. महिना भरला की पगार हातात येणाऱ्याला मोकळ्या वेळेची ही किंमत सहसा ठाऊक नसते. पुढे १९७५ साली स्त्रीपुरुषभेदाला बंदी करणारा कायदा झाला. तो झाला बायकांच्या भल्यासाठी, पण मुद्दाम बायकांसाठी चालवलेल्या या कंपनीलाच पुरुषांना दार उघडावे लागले. कायद्याचे हे विनोद त्यालाच साधतात.

आणि सर्वांत जड बाजू घरातली. १९६३ साली शर्लीबाईंना मुलगा झाला, जाइल्स. तो बोलायला लागला आणि मग हळूहळू बोलेनासा झाला. तीव्र स्वमग्नतेचे निदान झाले. इतरांच्या लेकरांसाठी कामाच्या वेळा वाकवणाऱ्या या बाईला स्वतःच्या लेकरासाठी दिवसाचे चोवीस तास पुरत नव्हते. १९७६ साली त्या मनाने कोसळल्या आणि काही काळ रुग्णालयात राहिल्या. बाई कंपनीही चालवते आणि घरही सांभाळते, असे आपण कौतुकाने म्हणतो. त्या कौतुकात मदतीचा हात क्वचितच असतो. जाइल्स १९९८ साली ३५ व्या वर्षी वारला. शर्लीबाईंनी मिळवलेल्या संपत्तीचा फार मोठा भाग स्वमग्न मुलांच्या शाळा आणि संशोधन यांवर खर्च केला.

ही संपत्ती आली ती आणखी एका निर्णयानंतर. ज्यांनी कंपनी उभी केली त्यांची ती असावी, या विचाराने त्यांनी आपला हिस्सा हळूहळू कर्मचाऱ्यांच्या हाती दिला. पहिला चतुर्थांश देण्यातच ११ वर्षे गेली. १९९१ साली कंपनीची सूत्रे कर्मचाऱ्यांकडे गेली, आणि १९९६ साली ती लंडनच्या शेअर बाजारात उतरली. कर्मचाऱ्यांपैकी ७० जण दशलक्ष पौंडांचे धनी झाले. सहा पौंडांच्या वहीत इतरांच्या नावेही जमा झाली, ती अशी. पुढे 'झान्सा' या नावाने त्या कंपनीची कचेरी आपल्या पुण्यातही होती.

२०२० च्या साथीने सारे जग काही महिन्यांसाठी जेवणाच्या टेबलावर कामाला बसवले. मीटिंगमध्ये मूल रडले तर कोणी ध्वनिफीत लावली नाही, सगळे समजून घेऊन हसले. ही समजूत शिकायला जगाला ५८ वर्षे लागली. आपल्या घरातही कपाटाच्या वरच्या खणात कोणाची तरी पदवी दुमडून ठेवलेली असेल. सुनेची असेल, बहिणीची असेल, आईचीही असेल. फराळाची ताटे पुढे आली की तिला एवढेच विचारा, "तुला काय काय येते?" आणि उत्तर पुरते होईस्तोवर चहा मागू नका.